हात न धुता

“परत मेली,” टाकीचं झाकण उचलून मामा म्हणाला.

गळाला आमिष म्हणून लावायच्या बोटभर लांबीच्या बोयी पांढरी पोटं वर करून टाकीत गोल गोल फिरत होत्या. पंप चालू होता, पाणी खेळतं होतं, त्यामुळे मेल्यावरही त्या एका रांगेत, एका वेगानं फिरत होत्या. जिवंतपणी त्यांनी इतकी शिस्त कधी दाखवली नव्हती. पुण्याहून महागडे गळ घेऊन आलेल्या दोन पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खडक समोर दिसत होता. त्या खडकाखाली तांबोशी मासळी होती आणि तिला गरीवर वळवळणारा, जिता मासा लागायचा. मेल्या बोयीकडे ती ढुंकूनही बघत नसे.

सुकाणूवरून भिवातात्या म्हणाले, “उल्हास, त्या चेडवाक विचार, टाकीत हात घातलेलां काय?”

चेडू म्हणजे मुलगी, आणि ती मुलगी म्हणजे मी. मी तात्यांपासून दोन हातांवर बसले होते.

“घातला होता,” मी म्हणाले. “जाळीला खवले अडकले होते, ते काढायला.”

“उल्हास, तेका सांग, माका वाऱ्यात काय ऐकाक येना नाय.”

वारा अजिबात नव्हता. मामानं माझ्याकडे बघून डोळे मिटले. मामाची ही जुनी सवय. कुठलीही अडचण आली की तो डोळे मिटायचा आणि उघडल्यावर ती गेलेली असेल अशी आशा करायचा. त्या दिवशी त्यानं डोळे उघडले तेव्हा पाहुण्यांपैकी एक जण विचारत होता, “इथे दुसऱ्या कुणाच्या बोटी आहेत का हो?”

कोल्हापूरला रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी त्या वर्षी मामाकडे देवगडच्या बाजूला आले होते. खरं तर सुट्टीपुरती. बाबांनी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथं मी आयुष्यभर उसाच्या रसातली साखर मोजणार होते. मला त्याबद्दल काही तक्रार नव्हती. पण मामाची टाकी पाहिली आणि सगळं बिघडलं.

मामा हौशी लोकांना गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, समुद्रात न्यायचा. एका पाहुण्यानं विसरलेल्या परदेशी मासिकात त्याला एक बोट दिसली, आणि तिच्यावर जित्या माशांची टाकी. मजकूर त्याला वाचता आला नाही, पण चित्र होतं. मामानं घरावरची जुनी पाण्याची टाकी अर्धी कापली, बोटीवर बसवली, बॅटरीवर चालणारा पंप लावला, एक पाइप समुद्रात सोडला आणि नारळ फोडला. पहिल्याच दिवशी सगळे मासे मेले. मामानं दुसरा नारळ फोडला.

मी आले तेव्हा तो सातव्या-आठव्या नारळावर होता.

पंप नीट होता. पण बोट लाटेवर उडाली की पाण्यात सोडलेलं पाइपाचं तोंड हवेत यायचं, पाइपात हवा भरायची आणि पंप नुसताच घरघरत राहायचा. मी ते तोंड मागून काढून बोटीच्या पोटाखाली, कायम पाण्यात राहील असं बसवायला लावलं, आणि पाइपाच्या सगळ्यात उंच वळणावर हवा सुटायला एक बारीक भोक पाडलं. मग कळलं की इंजिनाचं गरम पाणी जिथून बाहेर पडतं, त्याच्या अगदी शेजारून आपण पाणी ओढतोय, म्हणजे माशांचं आयतं सार करतोय. तेही हलवलं. मग गर्दीचा प्रश्न. मामाच्या हिशोबात टाकीत जागा दिसली की अजून चार मासे मावतात. मी त्याला विचारलं, “मामा, तू स्वतः किती माणसांबरोबर एका न्हाणीघरात राहशील?” त्यावर मामी म्हणाली, “तुझ्या मामाक न्हाणीघराचो काय अनुभव?”

मासे जगायला लागले. खडकापर्यंत जगायचे, दुपारपर्यंत जगायचे, उरलेले संध्याकाळी आम्ही खाडीत सोडून द्यायचो. सकाळी टाकीचं झाकण उघडून त्यांना वर्तुळात पोहताना बघणं हे मला पुस्तकातल्या कुठल्याही समीकरणापेक्षा जास्त आवडायला लागलं. साखर कारखान्याचं मी घरी काही बोलेनाशी झाले.

अडचण एकच होती, ती म्हणजे तात्या.

भिवा कुबल, म्हणजे तात्या तांडेल, मामाच्या बोटीचे तांडेल. बोट कुठं न्यायची, कुठं थांबवायची, कधी परतायचं हे सगळं त्यांच्या शब्दावर. पाण्याखालचा एकेक खडक त्यांना पाठ होता. त्यांच्याशिवाय मामा फार तर खाडीत चक्कर मारून परत आला असता. बायकांनी बोटीवर पाय ठेवू नये असं तात्यांचं मत होतं. मामानं गयावया केल्यावर त्यांनी त्यात एक फट ठेवली. चार दिवस सोडून बाकी चालेल. म्हणून रोज सकाळी बंदरावर, सगळ्यांदेखत, ते मामाला विचारायचे, “उल्हास, त्या चेडवाचां आज सगळां ठीक आसा मा?” आणि मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. माझ्याशी ते थेट एक शब्दही बोलत नसत. हवामानाचा अंदाजसुद्धा मामामार्फत यायचा.

त्यात ऊन वाढलं. माझ्या नाकाची सालं निघायला लागली, तेव्हा मी देवगडच्या औषधाच्या दुकानातून उन्हाचं क्रीम आणलं. जाड, पांढरं, नारळाच्या गोळीसारख्या वासाचं, ट्यूबवर ठळक तीसचा आकडा. बोटीवर चढण्याआधी तोंडाला, मानेला, हातांना चोपडायचे. तात्यांना ते पाहून फार आनंद झाला.

“उल्हास, तुझ्या भाचयेन तोंडाक चुनो काढल्यान रे. दिवाळी लवकर इली काय?” मग डोक्यावरची टोपी काढून त्यांनी आपलं तुळतुळीत टक्कल सगळ्यांना दाखवलं. “ह्यां बघ. अर्धो जलम दर्यात गेलो. सूर्यान ह्येचां काय वाकडां केल्यान? दर्यातल्या माणसाक लोणी कित्याक व्हया?”

टक्कल भाजलेल्या वांग्यासारखं दिसत होतं, पण मी काही बोलले नाही. बोलले असते तरी वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नसतं.

ती ट्यूब महिनाभर पुरायला हवी होती. मी रोज किती वापरते हे मला माहीत होतं. पण ती अर्ध्या महिन्यातच चपटी झाली. दुसरी आणली, तिचंही तेच. माझा संशय मामीवर गेला.

“मी?” मामी मासे कापता कापता म्हणाली. “माझ्या तोंडाक आता लोणी काय नि तूप काय. बोटीर तुझी पिशी उघडी पडलेली असता, थंय बघ.”

बोटीवर मामा आणि तात्या. मामानं क्रीम लावणं मला अशक्य वाटलं नाही. मी तो विषय सोडून दिला, कारण नेमके त्याच सुमारास मासे परत मरायला लागले.

मी सगळं तपासलं. कॉलेजमधून आणलेल्या थर्मामीटरनं पाण्याचं तापमान बघितलं. पंप खोलून पाती पुसली. जाळी, पाइप, वळणावरचं भोक. टाकीच्या आतल्या बाजूला लागलेलं शेवाळ खरवडलं. मासे कमी केले, आणखी कमी केले. काही दिवस जगायचे, काही दिवस पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत टाळ वाजवल्यासारखी तोंडांची उघडझाप करत वर यायचे. बोट चालत असली की पाणी भरपूर बदलायचं आणि मासे बरे असायचे. नांगर टाकला आणि पाणी नुसत्या पंपाच्या धारेवर आलं की मरायचे. म्हणजे पाण्यातच काहीतरी होतं. टाकीत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर मी संशय घेतला.

तात्यांनी एवढी मेहनत घेतली नाही. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

त्या पुण्याच्या पाहुण्यांना रिकाम्या हातांनी उतरवलं तेव्हा तात्या बंदराच्या पायरीवर उभं राहून मामाला म्हणाले, “ह्या चेडवान टाकीत हात घातल्यान की मासो मरता. माझ्या डोळ्यांनी बघलंय. आता तूच ठरव. बोटीर ता तरी रवात, नायतर मी तरी.”

मामानं डोळे मिटले. उघडले. तात्या तिथंच होते.

“शलू,” मामा मला म्हणाला, “सोमवारची कोल्हापूरची गाडी बरी असता.”

मला रडू यायला हवं होतं. राग आला. त्यातही गंमत म्हणजे राग तात्यांचा आला नाही. त्यांच्या बोलण्यात एक विधान होतं, आणि ते तपासून बघता येण्यासारखं होतं. राग मामाचा आला, कारण त्यानं न तपासताच गाडीची वेळ सांगितली.

“तात्यानू,” मी म्हणाले, “तपासून बघूया. माझ्या हातानं मासे मरत असतील तर सोमवारी मी स्वतः गाडीत बसेन. मामाला सोडायलासुद्धा यायला नको.”

“उल्हास, ता काय म्हणता?”

बंदरावर मासे विकायला बसलेल्या मामीनं ते मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या मांडवात पत्ते खेळत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. तात्यांना आता ऐकू न येऊन चालणार नव्हतं.

रविवारी सकाळी बंदरावरच्या जाळ्यांच्या मांडवात मी पाच बादल्या मांडल्या. एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या, कोऱ्या. खाडीचं ताजं पाणी, प्रत्येकीत सारख्याच बोयी. एका बादलीला कुणीच शिवायचं नव्हतं. बाकीच्या चारांत चार हात: एक माझा, एक मामीचा, एक मामाचा, एक तात्यांचा. दोन बायका, दोन पुरुष. बायकांच्या हातानं मरत असतील तर मामीच्याही मरायला हव्यात. फक्त माझ्याच मेल्या तर मी सोमवारी जाणार.

“मामयेचो हात कित्याक?” तात्यांनी विचारलं.

“मी बाई नाय काय?” मामी म्हणाली. “काय दाखवू?”

मांडवात हशा पिकला. आज कुणी पत्ते काढले नव्हते, आमचाच खेळ चालू होता. तात्यांनी एक अट घातली, आणि ती त्यांनी सगळ्यांकडे वळून, न्यायाधीशाच्या आवाजात घातली. “हात कोणी धुवूचे नाय. रोज बोटीर जातत तसेच हात. नायतर ह्यां चेडू साबण लावून येतलां नि म्हणतलां, बघा.”

अट मला पटली. चांगला प्रयोग नेहमीच्या परिस्थितीतच करायचा असतो. मी रोजच्यासारखीच तयार होऊन आले होते, तोंडाला चुना काढून. तात्याही रोजच्यासारखेच, टोपी कपाळापर्यंत ओढून. त्यांनी विडी पेटवली. ती संपेपर्यंत चौघांनी बादलीत मनगटापर्यंत हात घालून बसायचं. मामाच्या हाताला एक बोय लुचू लागली तेव्हा तो किंचाळला. त्यानंतर बादल्यांवर ओली पोती टाकली आणि आम्ही वाट बघत बसलो.

उन्हं वर आली तेव्हा मी पोती काढली.

न शिवलेल्या बादलीतल्या बोयी मजेत होत्या. मामाच्याही. मामीच्या बादलीतल्या तर इतक्या जोमात होत्या की एक उडून बाहेर पडली. माझ्या बादलीत सगळ्या मेल्या होत्या.

मामानं डोळे मिटले. मी बादलीकडे बघत राहिले. मला आठवतंय, त्या क्षणी पहिला विचार असा आला की उसाच्या रसाला वास कसा असतो कुणास ठाऊक. तात्या उठून उभे राहिले. छाती पुढे, विडीचं थोटूक कानावर.

“बघलांत? मी काय सांगी होतंय?”

“तात्यानू,” मामी म्हणाली, “बसा जरा. तुमची बादली उघडूची रवली हा.”

तिनं पोतं उचललं. तात्यांच्या बादलीत सगळ्या बोयी पोट वर करून तरंगत होत्या.

मामीनं बादलीत बघितलं, तात्यांकडे बघितलं, परत बादलीत बघितलं. मग अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात, फार काळजीनं विचारलं:

“तात्यानू, तुमचां आज सगळां ठीक आसा मा? की तुमका पण चार दिस बाजूक बसाक व्हया?”

मांडव कोसळला. मांडव शब्दशः कोसळला नाही, पण एक माणूस हसताना खांबाला धडकला आणि वर वाळत टाकलेलं जाळं तिघांच्या अंगावर आलं. मामाही हसत होता, डोळे उघडे ठेवून. तात्या एकटेच उभे होते आणि त्यांचा चेहरा टकलापेक्षा लाल झाला होता.

मी हसत नव्हते. मला प्रयोगाचं उत्तर मिळालं होतं, पण ते उत्तर कशाचं आहे ते कळत नव्हतं. बाई नाही, पुरुष नाही. माझ्यात आणि तात्यांत असं काय आहे, जे मामा-मामीत नाही? मी माझ्या बादलीवर वाकले. पाण्यावर पातळ साय होती. उन्हात तिरकं बघितलं की तिच्यावर रंग दिसत होते. मी तात्यांच्या बादलीवर वाकले. तशीच साय. थोडी जास्तच जाड. आणि नारळाच्या गोळीचा वास.

टाकीत जाणाऱ्या सगळ्या गोष्टींवर मी संशय घेतला होता, स्वतःला सोडून.

मी मान वर केली. तात्यांच्या उजव्या कानामागे, टोपीच्या कडेखाली, पांढरी रेघ होती. नीट न चोळलेली. आरसा नसला की तिथं राहतेच, माझीही राहायची.

तात्यांनी मला बघताना बघितलं. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. अख्खं बंदर त्यांच्याकडे बघत होतं. मघाशी त्यांना हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनी पोहायला शिकवलं होतं. सूर्यानं वाकडं न केलेल्या टकलाची गोष्ट त्यातल्या प्रत्येकानं ऐकली होती.

“शलू,” ते हळूच म्हणाले.

माझं नाव त्यांना माहीत आहे हे मला तेव्हा कळलं.

मला खरं सांगता आलं असतं. तोंडात आलंच होतं. मी सुटले असते, तात्या संपले असते, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी बोट सोडली असती. मग खडकापर्यंत मला कुणी नेलं असतं? मामानं? माझी टाकी खाडीत चकरा मारत बसली असती. शिवाय मी त्या कानाकडे बघत होते आणि मला त्यांचं टक्कल दिसत होतं, भाजलेल्या वांग्याचं. ते किती दुखत असणार हे मला माझ्या नाकावरून माहीत होतं.

“तात्यानू,” मी मोठ्यानं विचारलं, “काल पंप कोणी खोलला होता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, उल्हास, तेका सांग माका ऐकाक येना नाय.

“मी,” ते सावकाश म्हणाले. “मी नि तू.”

पंपाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

“आणि पंप खोलला की हाताला काय लागतं?”

तात्यांनी घसा खाकरला. तांडेल वाट शोधतो तेव्हा डोळे बारीक करतो, तसे त्यांनी केले. मग त्यांना ती दिसली.

“ग्रीस,” ते म्हणाले. आणि आवाज परत न्यायाधीशाचा झाला. “ग्रीस! अरे, मी कवाधरना म्हणतंय, त्या पंपाचो ग्रीस पाण्यात उतरता! पंप कोण खोलता? ह्यां चेडू नि मी. मगे कोणाच्या हातान मरतले? बघा, पाण्यार तवंग बघा!”

लोक बादल्यांभोवती जमले. तवंग होता. माणसं माना डोलवायला लागली. एक जण म्हणाला, त्याला पहिल्यापासून ग्रीसचा संशय होता. मला प्रामाणिकपणे कबूल करायला हवं की त्या सिद्धांतात पाचही बादल्यांचा निकाल चपखल बसत होता. मी कॉलेजमध्ये याहून वाईट सिद्धांत शिकले होते.

“पण पंप प्लास्टिकचो आसा,” मामा म्हणाला. “तेका ग्रीस खंय?”

“तुमी गप रवा,” मामी म्हणाली. ती तात्यांच्या बादलीवर वाकली होती आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मासेविकणीच्या नाकाला एका दमात शिळं-ताजं कळतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, तात्यांच्या कानाकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला. “ग्रीस आसा हो. चांगलो वासाचो ग्रीस आसा.”

त्या दिवसापासून बोटीवर नियम झाला. टाकीत हात घालण्याआधी राखेनं आणि खाऱ्या पाण्यानं हात कोपरापर्यंत घासायचे. नियम तात्यांनीच जाहीर केला आणि सगळ्यांत कडक तेच पाळायला लागले. बोयी जगल्या. सोमवारची गाडी मला न घेता गेली. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग एकदा चार मित्रांना घेऊन गरवायला आले आणि तांबोशी लागल्यावर त्यांनाही टाकीचं शास्त्र पटलं.

सकाळचा तो प्रश्न तात्यांनी परत कधी विचारला नाही. विचारला असता तर मामीनं तोच उलट विचारला असता, आणि आता अख्खं बंदर त्याची वाट बघत बसलं होतं. मी महिन्याचे सगळे दिवस बोटीवर जायला लागले.

आता बोट मी चालवते. पाण्याखालचे खडक तात्यांनी मला एकेक करून दाखवले, थेट माझ्याशी बोलून, वारा असताना आणि नसतानाही. त्यांचे गुडघे गेले आहेत, तरी रोज सकाळी पायरीवर येऊन बसतात आणि आम्ही किती चुकीच्या वेळी निघतोय ते सांगतात. परवा मी सामान आणायला देवगडला निघाले, तर त्यांनी मामासमोरच हाक मारली.

“शलू, येताना इंजिनाचो ग्रीस हाड गो. संपलो.”

“आणते. किती नंबरचं?”

“पन्नास,” तात्या टोपी नीट करत म्हणाले. “मागच्या खेपेक तू तीस हाडलंस. तेनी काय भागणा नाय.”

मामा आमच्या दोघांकडे बघत राहिला. त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि मामीला विचारलं, “पन्नास नंबरचो ग्रीस असता?”